उत्तरेकडची काच

नकाशे एडिंबराहून बोटीनं आले, एकोणीसशे अकरा साली,
मेणकापडावर काढलेले, घड्यांवर विरलेले.
आर्किटेक्ट स्वतः कधीच आला नाही.
त्यानं छप्पर उत्तरेकडे उघडलं,
कारण चित्रांना उत्तरेचा उजेड मानवतो,
शांत, दिवसभर एकाच जागी बसणारा.
त्याच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

इथं, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे,
ओमारूच्या पांढऱ्या दगडाच्या या गावात
सूर्य उत्तरेकडूनच चालतो.

पहिल्याच उन्हाळ्यात, डिसेंबरात,
जलरंगातल्या डोंगरांचा निळा उडून गेला.
मग कोणीतरी शिडी लावून काचेला चुना फासला.
कोणी, ते वहीत नाही. बादलीची किंमत आहे: दोन शिलिंग.
तेव्हापासून हे गाव
दरसाल सूर्याला चुना लावत आलंय.

मी संवर्धनाचा आराखडा लिहिते आहे.
नगरपालिकेनं अठरा महिने दिलेत, आणि एक टेबल
तळघरात, रिकाम्या चौकटींशेजारी.
गॅलरी एक दिवसही बंद ठेवायची नाही, ही अट.
वर चित्रं उतरतात, चढतात,
बुधवारी शाळा येते, जिन्यात कोणाच्या लग्नाचे फोटो,
आणि मी कडीकोयंड्याला, कोनाड्याला, पन्हळीला
एकेक अक्षर देत फिरते:
अ म्हणजे हात लावायचा नाही,
ड म्हणजे उपद्रव, काढून टाका.

चुन्याला मी ड दिला होता.
इंजिनियरनंही मान डोलावली:
नव्या इमारतीच्या मानानं बळ एकोणतीस टक्के,
धरणी हलली तर काचा आधी खाली येतील,
मग नव्या बसवा, ऊन गाळणाऱ्या, एकदाच काय तो खर्च.
ऑड्री कथबर्टनं एक कपचा भिंगाखाली धरला
आणि संध्याकाळी फोन केला: एकशे चार थर,
मध्ये एक काळी रेघ,
युद्धाच्या रात्रींची.

मिस्टर पारातेने इथले पहारेकरी, एकतीस वर्षं.
डिसेंबरात शिडीवर तेच.
चुना किती पातळ, असं विचारलं
तर त्यांनी मला दुसऱ्या दालनात नेलं,
अकराच्या सुमारास, जमिनीवर वीतभर उंच तळवा धरला.
"सावलीला कड दिसली तर अजून एक हात द्यायचा.
नाही दिसली, तर खाली उतरायचं."
हे त्यांना शिकवणाऱ्या बाईला
आधीच्या माणसानं शिकवलं होतं.
वहीत हेही नाही.
आता त्यांचे गुडघे गेलेत.

समितीत एकानं विचारलं,
म्हणजे आपण एक चूक जतन करायची?
मी म्हटलं, हो.
मग घसा खाकरून: थोडीशी.
कोणी हसलं नाही. चहा आला.
मला सांगायचं होतं की इमारतीनं ती केव्हाच पोटात घातली,
इथल्या तीन पिढ्यांनी निळा रंग पाहिला
तो या दुधाळ उजेडातच,
पण तोवर विषय लिफ्टवर गेला होता.

आता आराखड्यात असं आहे:
काचा क्रमांक घालून उतरवाव्यात,
खाली पोलादाची जाळी, वर त्याच काचा.
चार तावदानं न धुता पेटीत.
आणि कलम सात, पोटकलम चार:
दर डिसेंबरला चुना द्यावा. माणसानं द्यावा.
अकरा वाजता जमिनीवर हात धरून पाहावा.
सुरक्षा अधिकाऱ्यानं लाल शाईत जोडलं: दोर बांधून.

काल वर गेले. अकराला दहा मिनिटं होती.
शाळेच्या पोरांनी वाट करून दिली.
मी वाकून तळवा धरला,
बराच वेळ काही ठरेना.
दाराशी मिस्टर पारातेने उभे होते.
भिंतीला धरत, सावकाश, ते खाली बसले,
मान तिरकी करून माझी सावली पाहिली
आणि म्हणाले, अजून एक हात.